हाऊ हिरा कोनता गावना शे?

(जळगाव, सराफ बाजार, सकाळी साडेदहा. शटर वर जाताना.)

नमस्कार मंडळी. तर हे आपलं जळगाव, सुवर्णनगरी वगैरे म्हणतात ते, आणि खोटं नाही म्हणत, इथं सोनं घ्यायला लोक कुठून कुठून येतात, लग्नसराईत तर या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. सोन्याच्या बाबतीत आपल्या खान्देशी माणसाला कोणी शिकवायला जाऊ नये. माझी आत्या अमळनेरची, चौथी पास, पण बांगडी नुसती तळहातावर घेतली की अंदाजे वजन सांगते, आणि घडणावळीवर अशी घासाघीस करते की दुकानदार स्वतःच चहा मागवतो.

पण मागच्या महिन्यात लहान भावाचा साखरपुडा ठरला, होणाऱ्या वहिनीला हिऱ्याची अंगठी घ्यायची असं भावानं ठरवलं, आणि आम्ही तिघं दुकानात बसलो तर आत्या पहिल्यांदाच गप्प. दुकानदारानं निळ्या मखमलीवर पाच-सहा अंगठ्या मांडल्या, लाइट असा मारलेला की सगळ्याच चमकत होत्या. आत्यानं एक उचलली, इकडून तिकडून बघितली आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "हाऊ हिरा कोनता गावना शे?"

दुकानातली पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना. कारण आत्या वांगं घेताना पण हेच विचारते, बामणोदचं आहे का दुसरीकडचं, आणि आपल्या भरिताच्या वांग्याला, केळीला तर 2016 मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे कुठून आलं ते सरकार दरबारी नोंदलेलं. वांग्याला गाव विचारायचं आणि लाखभर रुपयाच्या खड्याला विचारायचं नाही? त्यातून हा व्हिडिओ झाला.

(सोन्याच्या अंगठीचा आतला भाग, जवळून.)

आता हे बघा, अंगठीच्या आत बारीक अक्षरात काय काय कोरलंय. बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक संस्थेचं, त्रिकोणी चिन्ह, 750 म्हणजे 18 कॅरेट, आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर. हा हॉलमार्क. तो बघून बरेच जण निवांत होतात, चला हॉलमार्क आहे म्हणजे सगळं ओके. अहो, हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो फक्त. त्यात बसवलेला खडा हिरा आहे की अमेरिकन डायमंड, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, त्यात ना अमेरिका ना डायमंड.

आणि सोन्याचा कॅरेट वेगळा, हिऱ्याचा वेगळा, इथं भलेभले गोंधळतात. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, चोवीस भागांपैकी किती भाग सोनं. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे सरळ सरळ वजन, 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. पन्नास सेंटचा हिरा म्हणजे अर्धा कॅरेट, म्हणजे फक्त 0.100 ग्रॅम.

हे 0.100 ग्रॅम लक्षात ठेवा, कारण मी यातच फसलोय. काही वर्षांपूर्वी बायकोला बारीक खड्यांचं पेंडंट घेतलं होतं, कुठल्या दुकानातून ते जाऊ द्या, सगळे मिळून जवळपास दोन कॅरेटचे खडे, म्हणजे 0.400 ग्रॅम वजन खड्यांचं. बिलात आख्ख्या पेंडंटचं वजन सोन्याच्या भावानं लावलं होतं, आणि वर खड्यांचे पैसे वेगळे. म्हणजे एकाच खड्याला दोनदा पैसे दिले मी. ग्रॅमला दहा हजार धरले तर चार हजार रुपये हवेत गेले असते. बिलावर ग्रॉस वेट, म्हणजे खड्यांसकट, आणि नेट वेट, म्हणजे नुसत्या सोन्याचं, असे दोन वेगळे आकडे पाहिजेत, आणि सोन्याचा भाव नेट वेटवर लागला पाहिजे. दुकानदार म्हणाला "एकच असतं हो भाऊ", तर उठा तिथून.

(आयग्लास, चिमटा, कागदाच्या पुडीत हिरा.)

आता खड्याकडे येऊ. हे छोटं भिंग आहे ना, धंद्यातले लोक याला आयग्लास म्हणतात, दहापट मोठं दाखवतं. हिऱ्याची क्लॅरिटी ठरते ती याच दहापटीवर. आत काय आहे, काळा ठिपका, पांढरा ढगासारखा पट्टा, पिसासारखी चीर, हे बघून ग्रेड पडतो. जीआयए म्हणून अमेरिकेतली संस्था आहे, 1931 ची, तिनं ही पद्धत बसवली आणि आज सगळी दुनिया तीच भाषा बोलते. एफएल म्हणजे काहीच नाही सापडलं, मग आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय. रंगाचं पण तसंच, डी पासून झेड पर्यंत, डी एकदम पाण्यासारखा आणि पुढं पुढं पिवळसर. ए पासून का नाही सुरू, तर आधी जो तो आपापल्या परीनं ए, डबल ए लावून विकायचा, म्हणून त्यांनी ती अक्षरंच टाळली.

पण माझं ऐकाल तर या अक्षरांच्या मागे वेडं व्हायचं कारण नाही. व्हीव्हीएस आणि व्हीएस मधला फरक नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, आणि पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर आय किंवा जे रंगाचा हिरा पण पांढराच वाटतो, कारण बाजूचं सोनंच पिवळं. पैसे घालायचे तर कटवर घाला. गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात, ते योग्य कोनात असले तर वरून गेलेला उजेड आत आपटून परत वर येतो, आणि खडा फार खोल किंवा फार चपटा कापला असेल तर उजेड खालून निसटतो, मधे काळं किंवा डोळा फुटल्यासारखं दिसतं. पैलू पाडणाऱ्याला वजन वाचवायचं असतं कारण पैसा वजनावर मिळतो, म्हणून काही हिरे मुद्दाम जाड ठेवलेले असतात. आणि हो, 50 सेंट, 1 कॅरेट अशा गोल आकड्याला भाव एकदम उडी मारतो. 47-48 सेंटचा घ्या, बोटावर कोणाच्या बापाला कळणार नाही.

दुकानाच्या लाइटवर अजिबात जाऊ नका. आम्ही अंगठी घेऊन दुकानाच्या पायरीवर आलो, सावलीत धरली, दुकानातला पोरगा मागे मागे उभा बिचारा. ज्या अंगठीवर भावाचा जीव अडकला होता ती बाहेर दुधाळ दिसली. सर्टिफिकेटवर फ्लुरोसन्स, स्ट्राँग, असं लिहिलं होतं. म्हणजे अल्ट्राव्हायोलेट खाली तो निळा चमकतो. प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही, पण जोरात असेल तर कधी कधी खडा असा धुरकट वाटतो आणि भावही कमी पाहिजे. भाव कमी नव्हता.

सर्टिफिकेट जीआयएचं असो की आयजीआय या दुसऱ्या तपासणी संस्थेचं, त्यावर नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, वजन, माप सगळं जुळतं का. तोच नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या कमरेवर लेझरनं कोरलेला असतो. आम्ही मायक्रोस्कोपखाली बघितला. आत्यानं पण डोळा लावला आणि म्हणाली, मुंगीनी लिखेल शे का?

(सुरत-भुसावळ पॅसेंजरची खिडकी. तापी.)

बरं, आता गावाचा प्रश्न.

ही तापी. भुसावळवरून, नंदुरबारकडच्या प्रकाशा गावावरून जाते ती सुरतला समुद्राला मिळते. आणि ही रेल्वे पण तिच्याच सोबतीनं, नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये. आपल्याकडची हजारो माणसं सुरतला आहेत, लिंबायत, उधना, डिंडोली, तिकडं अहिराणी ऐकू येते रस्त्यावर. जगातल्या दर दहा हिऱ्यांतले साधारण नऊ पॉलिश होतात ते भारतात, आणि त्यातले बहुतेक सुरतला, घंटीवर, म्हणजे त्या फिरणाऱ्या चकतीवर, रत्नकलाकार माना खाली घालून घासतात ते.

पण सुरतला हिरा पिकत नाही. तो येतो बोट्स्वाना, अंगोला, रशिया, दक्षिण आफ्रिका, काँगो, कुठून कुठून. आपल्या देशात आता खाण म्हणावी अशी पन्नाला, मध्यप्रदेशात. सुरतला रफ, म्हणजे पैलू न पाडलेला कच्चा हिरा, आला की त्याची निवड होते ती साइज, रंग, आकार बघून, देश बघून नाही, म्हणजे चार देशांचा माल एका पुडीत. अंगठीच्या कडेला बसवतात ते बारीक खडे तर विचारूच नका, त्यांचा ठावठिकाणा पुसला गेलेला असतो.

याचं एवढं काय, असं भाऊ म्हणाला. तर 1990 च्या दशकात सिएरा लिओन आणि अंगोलात बंडखोरांनी हिरे विकून बंदुका घेतल्या, सिएरा लिओनमध्ये तर लोकांचे हात तोडले. त्यावरून ओरड झाली, 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली गावी देश एकत्र बसले आणि 2003 पासून किंबर्ली प्रोसेस लागू झाली. रफ हिरा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सीलबंद डब्यात आणि सरकारी सर्टिफिकेटसोबतच जाणार.

दुकानदार छाती पुढं काढून सांगतात, "आपला माल किंबर्लीचा आहे, भाऊ." पण ते सर्टिफिकेट रफच्या डब्याचं असतं, तुमच्या बोटातल्या खड्याचं नाही, पैलू पडले की ते तिथंच संपतं. दुसरं म्हणजे त्यांची व्याख्या. बंडखोरांनी सरकारविरुद्ध युद्धाला वापरलेला हिरा तेवढा वाईट. मग सरकारच मारत असेल तर? झिम्बाब्वेत मारांगे भागात 2008 मध्ये लष्करानं खोदणाऱ्या गरीब लोकांवर गोळ्या घातल्या, मानवी हक्कवाल्यांनी दोनशेच्या वर मेले असं नोंदवलं, आणि 2011 मध्ये तिथला माल परत विकायला परवानगी मिळाली. ही प्रोसेस उभी करायला ज्या ग्लोबल विटनेस संस्थेनं जीव तोडून काम केलं, तीच त्या वर्षी बाहेर पडली. मजुरी, लहान पोरं, खाणीतली धूळ, याबद्दल तर त्या कागदात शब्दही नाही.

पॉलिश मालासाठी व्यापाऱ्यांनी आपसात एक हमी ठेवलीय, बिलावर छापतात की हा माल संघर्षाला पैसा पुरवणारा नाही. ती व्यापारी व्यापाऱ्याला देतो. तुम्ही दुकानदाराला म्हणू शकता, तुमच्या खरेदीच्या बिलावर ती ओळ दाखवा. आम्ही म्हणालो. त्यानं आधी आमच्याकडं बघितलं, मग मुनीमाकडं, मग दहा मिनिटांनी फाइल आली. ओळ होती. देश नव्हता.

(लॅबमधल्या हिऱ्याची पुडी.)

मग लॅबचाच घ्या ना, खाणीची भानगड नको, असं बरेच जण म्हणतात, आणि मुद्दा चुकीचा नाही. सीव्हीडी म्हणजे बंद भांड्यात मिथेनसारखा गॅस तापवून थरावर थर चढवतात, तो खराच हिरा असतो, साध्या टेस्टरवर तसाच वाजतो, ओळखायला मोठं मशीन लागतं. पण ते भांडं दिवसेंदिवस विजेवर चालतं, आणि वीज कुठून येते ते भुसावळकरांना सांगायला नको, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी बघत मोठे झालेत ते. "ग्रीन डायमंड" म्हटलं की मी तरी विचारतो, वीज कोणती? भाव तर असे पडलेत की आज घेतला त्याला उद्या परत किती मिळतील ते विचारूच नये. 2025 मध्ये जीआयएनं पण लॅबच्या हिऱ्यांना डी-ई-एफ असे ग्रेड द्यायचं बंद करायचं ठरवलं, नुसतं प्रीमियम किंवा स्टँडर्ड. हौसेला घ्या, स्वस्तात मोठा मिळतो, फक्त बिलावर लॅब ग्रोन असं लिहिलेलं पाहिजे, आणि नैसर्गिक म्हणून घेत असाल तर नैसर्गिक असं.

शेवटी आम्ही 42 सेंटचा घेतला, आय रंग, व्हीएस टू, कट एक्सलंट, बाजूला एकही बारीक खडा नाही, साधी अंगठी. बिल करताना मी एकेक लिहून घेतलं. ग्रॉस, नेट, नैसर्गिक, रिपोर्ट नंबर, परत घेताना हिऱ्याचे किती टक्के. दुकानदार शेठ चांगला माणूस, कटकट न करता लिहीत होता. आत्या बाजूला बसून बघत होती.

"गाव लिख ना भाऊ."

शेठनं पेन थांबवलं, हसला, आणि रिपोर्ट नंबरच्या पुढं लिहिलं, सुरत.

आत्यानं बिल हातात घेतलं, चष्मा पुसला, वाचलं. "सुरतले त मी बी जायेल शे," ती म्हणाली, "तठे खान कोठे शे?"