दोन चैत्र कोरडे गेले

श्रोतेहो, नमस्कार.

माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापुरात शंभू महादेवाची यात्रा गुढीपाडव्याला सुरू होते आणि चैत्र पौर्णिमेपर्यंत चालते. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न, द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढतात. यात्रेवर पोट असलेल्या दुकानदाराची वर्षाची खरी कमाई याच पंधरवड्यातली. म्हणून पाडव्याआधीच नारळ, गुलाल, चुरमुरे, बत्तासे असा माल भरून ठेवायचा, तोही बहुधा उधारीवर. यात्रा उरकली की व्यापाऱ्याचे पैसे भागवायचे.

2020 चा पाडवा आला 25 मार्चला. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन लागला.

आता हा माल ठेवून ठेवून ठेवणार किती? चुरमुरे सादळतात. बत्ताशांना ओल लागली की त्यांचा चिकट गोळा होतो, वर मुंग्या. नारळ आतून आटतो, फोडला तर खवट. गुलाल तेवढा टिकतो, पण गुलाल परत करून उधारी फिटत नाही हो!

त्या वर्षी 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, राज्यातली मंदिरं उघडली. पण देऊळ उघडणं वेगळं आणि जत्रा भरणं वेगळं. अंतर राखून दर्शन, हार-नारळ आत न्यायला मनाई. मग दाराशी बसलेल्या बाईच्या टोपलीतलं घेणार कोण? जानेवारीत मांढरदेवच्या काळूबाईची यात्राही भरली नाही. आणि एप्रिल 2021 मध्ये, पाडवा आठवड्यावर आलेला असताना, देवळांना पुन्हा कुलूप लागलं. ते निघालं 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला. मधे साडेचार महिने देवळं उघडी होती खरी, पण शिंगणापूरचे दोन्ही चैत्र हातचे गेले.

मदत नव्हती असं नाही. केंद्र सरकारच्या पीएम स्वनिधी योजनेतून 10 हजारांचं कर्ज मिळत होतं, पण ते शहरात धंदा करणाऱ्या पथविक्रेत्यांना. डोंगरावरच्या यात्रेत पाल ठोकणारा त्यात बसायचा कुठं? शिवाय हप्ता महिन्याच्या महिन्याला. ज्याच्या हातात पैसा वर्षातून एकदाच खुळखुळतो, त्यानं श्रावणात हप्ता कशातून भरावा?

2022 च्या पाडव्याला निर्बंध उठले. पण मागली बाकी चुकवल्याशिवाय नवा माल कोण देतो?

गावोगावच्या विकास सोसायट्या पीककर्ज देतात, ते पीक निघाल्यावर फेडायचं असतं. यात्रेच्या दुकानदारालाही तसंच कर्ज द्यावं, असं मला वाटतं. माघात उचल, फेड चैत्र पौर्णिमेनंतर. आणि यात्राच भरली नाही, तर दुष्काळात पीककर्जाचं पुनर्गठन करतात, म्हणजे फेडीची मुदत वाढवून देतात, तसं याचंही करावं.

नमस्कार.