पहिला चीक कुणाचा?

(दृश्य : पहाट. गोठ्यात एकच दिवा. गाय विते आहे.)

इंदूरहून देपालपूरकडे जाताना रस्त्यालगतचा हा गोठा. गाय माळवी, पांढरट-राखाडी, मानेशी गडद. आधी पुढचे दोन खूर दिसतात, मग त्यांवर टेकलेलं नाक. पुढचं सगळं गाईनं एकटीनं केलं.

वासराच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, आणि गाय चाटायला लागली. आता उभं राहायची धडपड बघा. मागचे पाय आधी ताठ, पुढचे अजून गुडघ्यांवर, की बदकन खाली. परत तेच.

या घरच्या आजोबांचं म्हणणं, वार पडू दे, मग पाजा. गावोगावी हेच ऐकू येतं. त्यांच्या सुनेनं मात्र वासराला धरून सरळ सडापाशी नेलं. सासरे काही बोलले नाहीत. कॅमेरा होता म्हणूनही असेल. खरं तर वासरू ओढायला लागलं की गर्भाशय आकसायला मदतच होते.

(दृश्य : सडातून पडणारी पिवळी, दाट धार. अगदी जवळून.)

हा चीक. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, पोटात असतानाच वारेतून मिळतात, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. गाई-म्हशींची वार वेगळ्या बांधणीची. तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. म्हणजे हे वासरू जन्मलं तेव्हा आईनं आयुष्यभर सोसलेल्या रोगांची शिदोरी त्याच्याजवळ जवळपास नव्हतीच. ती या धारेत आहे.

(दृश्य : इंदूरचा सराफा, दुपार. सोनाराच्या जुन्या डबीतल्या लाल-काळ्या गुंजा.)

खाऊगल्ली रात्रीची, दिवसा इथे सोनं-चांदी. आठ गुंजांचा एक मासा, हे वजन आता कुणी वापरत नाही, पण गुंजा जपून ठेवलेल्या असतात. या बियांत ॲब्रिन नावाचं जहर असतं. पॉल एर्लिख या जर्मन संशोधकानं ते, आणि एरंडीतलं रायसिन, उंदरांना आधी अगदी कणभर, मग वाढवत वाढवत दिलं. उंदरांना ते सोसू लागलं. हे बळ पिल्लांत कुठून येतं? बापाकडून येत नाही, आईकडून येतं, एवढं दिसलं. पण गर्भातून की दुधातून? एर्लिखनं पिल्लांची अदलाबदल केली. साध्या उंदरीची पिल्लं बळ आलेल्या उंदरीला पाजायला दिली, आणि तीही वाचू लागली. साल १८९२. प्रतिपिंड म्हणजे नेमका कोणता रेणू, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे १९०८ मध्ये एर्लिखना नोबेल मिळालं, रोगप्रतिकारशक्तीवरच्याच कामासाठी.

(दृश्य : पशुवैद्य काचेवर चिकाचा थेंब टाकून यंत्र डोळ्याला लावतात.)

हे ब्रिक्स, म्हणजे द्रवात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, मोजायचं यंत्र. निळ्या-पांढऱ्याची सीमा २२ च्या वर आली, तर चीक कसदार. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा पाजायचा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, आणि पहिला घोट पहिल्या दोन तासांत. कारण नवजात आतडं प्रतिपिंडांचे हे मोठाले रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात सोडतं. तासागणिक ते कमी होत जातं आणि २४ तासांत थांबतं. त्यानंतर बादलीभर पाजलात तरी प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत.

(दृश्य : शेजारी बांधलेल्या दोन कालवडी, पाठीमागून.)

एकीच्या मांड्या भरलेल्या, दुसरीची कंबर हाडाला लागलेली. दुसरी बाजारातून आणलेली. तिला चीक मिळाला की नाही, कोण सांगणार? पण हगवण आणि तापात भूक मरते, आणि शरीर स्नायूंतलं प्रथिन मोडून लढाईला लावतं. वाढ तिथेच अडते. अमेरिकेत ब्राउन स्विस कालवडींवर झालेल्या, २००५ साली छापून आलेल्या अभ्यासात दोनऐवजी चार लिटर चीक प्यालेल्या कालवडी झपाट्यानं वाढल्या, पुढे दूधही जास्त दिलं. सगळं श्रेय प्रतिपिंडांचं नाही, चिकात चरबी आणि वाढीचे घटकही असतात.

(दृश्य : रामबागेतलं स्वयंपाकघर. डब्यातून निघणारी वाफ, सुरी, खरवसाची वडी.)

गूळ, वेलदोडा, जायफळ. सुरी लागताच वडी थरथरते, कडेला पिवळं पाणी सुटतं. चीक वाफेवर असा घट्ट बसतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे, आणि त्यांत मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा. पहिल्या धारेचा खरवस सगळ्यात छान होतो, हे आम्हां इंदूरच्या मराठी लोकांना पक्कं माहीत आहे. दूधवाल्याकडे आठवडाभर आधी सांगून ठेवतो आपण. देपालपूरच्या त्या सूनबाई तिसऱ्या दोहनाआधी चीक विकत नाहीत. वडी जरा सैल होते, दुधात भिजते. गिऱ्हाईक कुरकुरतं. भाव मात्र त्यांनी तोच ठेवलाय.