होज किती लांब हवा? लिफ्ट केलेल्या गाडीचे पुढचे ब्रेक

मंडळी, गाडी दोन इंच उचलली की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "होज दोन इंच लांब टाकून देऊ." होज म्हणजे चासीवरच्या लोखंडी पाइपपासून चाकाच्या ब्रेकपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी. आणि हा हिशोबच चुकीचा आहे.

होजवर ताण येतो तो चाक हवेत लटकतं तेव्हा. पेंच, ताडोब्याच्या वाटेवर दिसणारी जिप्सी घ्या. पुढेही पाटे (लीफ स्प्रिंग), पुढेही अखंड अॅक्सल. नाला तिरका ओलांडताना एक चाक खाली उतरतं आणि दुसरं वर दाबलं जातं. उतरणारं चाक कुठे थांबणार, ते शॉकअप ठरवतो. पाटे उंच केले पण शॉकअप जुनेच ठेवले, तर चाक पूर्वीइतकंच खाली जाणार. कंपनीचा होज बहुधा पुरतो. शॉकअप तीन इंच लांब टाकले की मात्र तो पुरत नाही, कारण आता चाक थांबवण्याचं काम बिचाऱ्या होजवर येऊन पडतं.

बॉडी लिफ्टमध्ये उलटं. चासी जागच्या जागी राहते आणि बॉडी ठोकळ्यांवर चढते. चाकाकडच्या होजला काही कळतही नाही. ओढ बसते ती ब्रेक पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडून चासीवर उतरणाऱ्या लोखंडी पाइपला. त्याच्या क्लिपा न सोडता बॉडी उचलली, की पाइप नटाच्या तोंडाशी मुरगळतो. (मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधली आरटीओची परवानगी हा वेगळा विषय, पण गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर ती आधी बघा.)

तेव्हा पाटे, शॉकअप, बंप स्टॉप (चाक वर दाबलं जाताना अडवणारे रबरी ठोकळे) आधी पक्के करा, माप नंतर घ्या. चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, चाकं काढा, अॅक्सल शॉकअपवर लोंबकळू द्या. मग एका बाजूच्या अॅक्सलखाली जॅक देऊन ती बाजू वर घ्या, म्हणजे दुसरी आणखी उतरते. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. प्रत्येक वेळी होज ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने, ब्रॅकेटपासून (होजचं चासीकडचं टोक धरणारी पट्टी) कॅलिपरपर्यंत (चाकाजवळचा, ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) सुतळी धरा. सगळ्यात लांब निघालेल्या मापात इंचभर ढिलाई मिळवा. तेवढाच होज. जास्त लांब घेतला तर चाक वर दाबलं जाताना त्याचा फुगा बाहेर येतो आणि टायरला घासतो.

थोडीच कमतरता असेल तर होज बदलण्यापेक्षा ब्रॅकेट खाली आणणं मला जास्त पटतं. ३ मिमी जाडीची पट्टी घ्या, मूळ बोल्टच्याच छिद्रात बसवा. चासीला नवं छिद्र पाडू नका. होज जागेवर असताना शेजारी वेल्डिंग तर नकोच. पट्टीतलं छिद्र होजच्या टोकाच्या आकाराचं हवं, गोल नको; नाहीतर नट आवळताना होज पिळला जातो. लोखंडी पाइपच्या पहिल्या दोन क्लिपा सोडून तो हाताने, जाड नळकांड्यावर सावकाश वाकवा. पक्कड लावलीत तर तिथे चपटा होतो.

पाइप नवाच करायचा झाला तर बहुतेक गाड्यांत तो ४.७५ मिमीचा असतो. तोंड फुलवण्याआधी नट पाइपवर चढवा. हे विसरणारे बरेच. जुन्या तोंडाकडे नीट बघा. आत दुमडलेलं डबल फ्लेअर वेगळं, गोल बोंडासारखं बबल फ्लेअर वेगळं. एकाच्या जागी दुसरं आवळून बसवता येतं, पण गळती थांबत नाही. एसीसाठीचा तांब्याचा पाइप वापरू नका, तो धक्क्यांनी कडक होऊन चिरतो. तांबं-निकेलचा चालतो.

आता होज. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत जेसीबीचा हायड्रॉलिक होज हव्या त्या लांबीत दाबून मिळेल. पण तो खनिज तेलासाठी असतो. आतला नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतो. ब्रेकच्या होजला ईपीडीएम रबराचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर लागतं. उलट ईपीडीएमला इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोल लागलं की तो खराब होतो, म्हणून पुसायला डिझेलचा बोळा नको. स्टीलच्या जाळीचा होज घेतलात तर वर प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या. उघडी जाळी ज्याला घासेल त्याला करवतीसारखी कापते.

बसवताना आधी कॅलिपरचं टोक. बँजो बोल्टने (ब्रेक ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) आवळायच्या होजच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर. मग ब्रॅकेटचं टोक, शेवटी क्लिप. होजवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. ती दोरीच्या पिळासारखी फिरली तर सगळं सोडून परत बसवा. आणि कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने पाट्याला बांधा. नाहीतर बाहेरून धड दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटतं, त्याची पापडी झडपेसारखी वागते, आणि पॅडल सोडलं तरी ते चाक धरूनच राहतं.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल हाताशी अर्धा-एक लिटर ठेवा. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ दिलीत तर चारही चाकांची हवा काढावी लागते. एबीएस असेल तर बहुधा स्कॅनरही जोडावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यातलं ४५ अंश तापमान ब्रेक ऑइलला किरकोळ. ते खराब होतं जुलैच्या ओलाव्याने. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलं झाल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. अर्धी उरलेली गेल्या वर्षीची बाटली फेकून द्या.

नंतर इंजिन चालू ठेवून पॅडल मिनिटभर जोरात दाबा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. मग होजवर खडू घासा, मोकळ्या मैदानात सावकाश दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं घ्या, एक चाक बांधावर चढवून उतरवा. खडू जिथे पुसला गेला, तिथे होज घासतोय. पावसाळ्यात ही तपासणी गाडी धुऊनच करा, कारण काळी माती ब्रॅकेटभोवती विटेसारखी वाळते आणि होज दुसरीकडेच ढकलते.