वस्तऱ्यासाठी स्टील कुठलं घ्यायचं?

मंडळी, वस्तरा बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "सगळ्यात कडक स्टील कुठलं?" तिथेच गाडी रुळावरून घसरते. सुरी दोर कापते, लाकूड तासते, कधी हाडावर आपटते. वस्तऱ्याला असलं काहीच करायचं नसतं, त्याला फक्त ओला केस कापायचा असतो, पण तो कातडीला न दुखवता कापायचा असतो आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

आधी पात्याचा आकार बघू. वस्तरा सहाणेवर घासताना त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, म्हणजे धारेचा कोन तुमच्या हातात नसतोच, तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी आधीच ठरवून टाकलेला असतो. पातं १९ मिमी रुंद आणि पाठ साडेपाच मिमी जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून कोन होतो साधारण साडेसोळा अंश. स्वयंपाकाच्या बऱ्याच सुऱ्या तिशीच्या आसपास असतात! एवढी बारीक धार नीट लागली तर तिचं टोक अर्ध्या मायक्रॉनच्याही आत जातं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता डी-२ नावाचं स्टील घ्या, दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम, झिजायला एकदम चिवट, सुरीवाले त्याचं कौतुक करून थकत नाहीत. पण त्यातले कार्बाइडचे खडे, म्हणजे कार्बन आणि क्रोमियम मिळून बनलेले कडक कण, २०-२० मायक्रॉनचे, काही त्याहून मोठे. अर्ध्या मायक्रॉनच्या टोकात २० मायक्रॉनचा खडा बसणार कसा? एकतर तो निखळतो आणि खाच पडते, नाहीतर तुटतो आणि धार खरखरीत राहते, मग चामड्याच्या पट्ट्यावर कितीही परजा, गालाला ती ओरबाडणारच. ४४०सी हे स्टेनलेस थोडं बरं, पण रडगाणं तेच.

यावरून कुणी म्हणेल की स्टेनलेस नकोच, तर तसंही नाही हं. एईबी-एल नावाचं स्टील मुळात दाढीच्या ब्लेडसाठीच बनवलं गेलं, कार्बन ०.६७ टक्के आणि क्रोमियम १३, आणि हे प्रमाण असं जुळवलंय की मोठे खडे तयारच होत नाहीत. तेव्हा गंजतं की नाही यापेक्षा आतला पोत किती बारीक आणि किती एकसारखा आहे ते बघा, मी तरी निवड त्याच्यावरच करतो.

एकसारखा म्हणजे काय, तर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ब्लेडने केस कापताना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. केस स्टीलपेक्षा जवळपास ५० पट मऊ, तरी धारेचे टवके उडत होते. सरसकट नाही, केस तिरका वाकून धारेला भिडला आणि नेमकं तिथे स्टील आतून कमीजास्त कडक असलं की उडायचे. म्हणजे नुसता हार्डनेसचा आकडा बघून भागत नाही.

स्टेनलेस नसलेल्या स्टील्समध्ये पहिल्या वस्तऱ्यासाठी मी डोळे झाकून ओ-१ सांगतो. कार्बन ०.९ च्या पुढेमागे, सोबत मँगनीज आणि थोडंसं टंगस्टन, ८०० अंशांच्या आसपास तापवायचं आणि तेलात बुडवायचं, घाईगडबड न करता कडक होतं. १०९५ स्वस्त आणि धारही सुरेख घेतं, पण भट्टीतून काढल्यावर सेकंदभराच्या आत गार करावं लागतं, साधं तेल तेवढं चपळ नसतं, म्हणून लोक पाण्यात घालतात आणि मग टण् असा आवाज येतो, की समजायचं पातं गेलं. ५२१०० उत्तम आहे पण त्याला तापमान नेमकं लागतं, कंट्रोलर असलेली भट्टी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. जपानी शिरोगामीसारखी सव्वा टक्का कार्बनची स्वच्छ स्टील्स धारेला अफलातून, पण नवख्याला ती रडवतात.

भंगारातलं स्टील वापरू का, हे सगळेच विचारतात. जुनी चांगली कानस चालते, पण काही कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंड. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये कार्बन ०.६ च्या आसपासच, कोयत्याला झकास, वस्तऱ्याला कमी पडतं. दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या स्टीलचे थर जोडून केलेलं, दिसायला देखणं, मात्र धारेवर जे थर उघडे पडणार ते दोन्ही कडक होणारे हवेत, मध्ये मऊ लोखंडाचा थर आला की संपलं. आणि पात्यावर कोरलेल्या नावांना भुलू नका. शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे आणि लंडनचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी १८२०च्या सुमारास पोलादात चांदी मिसळून बघितली होती, ५००त एक भाग मुरला, त्याहून जास्त घातली की थेंब होऊन बाहेर यायची. पण 'सिल्व्हर स्टील' हा शिक्का मात्र इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर पुढे धडाक्यात चालला!

आता स्टील कुठलंही घ्या, ते नासतं बहुतेकदा ग्राइंडरवर. टेम्परिंग, म्हणजे कडक केलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करायला ते ओव्हनमध्ये पुन्हा तापवणं, केलेलं असतं १७५-२०० अंशांना, आणि धार कागदाइतकी पातळ झाल्यावर ग्राइंडरच्या पट्ट्यावर एक क्षण जास्त दाबलं की कडेला निळी रेघ उमटते. निळं म्हणजे ३०० च्या आसपास गेलं, तेवढी कड मऊ पडली, ती घासून काढा नाहीतर पुन्हा भट्टी लावा. म्हणून ग्लोव्ह्ज न घालता ग्राइंड करायचं, बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात.

आणि पातळ झाल्यावर धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. कड नखावर किंचित वाकून लगेच सरळ झाली तर जमलंय. वाकून तशीच राहिली तर मऊ आहे. बारीक टवका उडाला तर टेम्परिंग कमी पडलंय, ओव्हन १० अंशांनी वाढवून आणखी एक फेरी द्या, मग नवी धार काढून पुन्हा नखावर बघा.