सतरा मतांचा किल्ला

नमस्कार श्रोतेहो.

ऑस्करची नामांकनं आली की कट्ट्यावर एक प्रश्न ठरलेला. ही ठरवतं कोण? तर त्या त्या कलेतली माणसं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार सुमारे १०,०००. नटांची नामांकनं नट ठरवतात, संकलकांची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची तेवढी सगळे मिळून. पुन्हा सांगतो, नटांची नामांकनं नट ठरवतात. शेवटच्या फेरीत मात्र सगळ्यांना सगळीकडे मत.

आणि हो, २००४ साली ‘श्वास’ ऑस्करला ‘गेला’, म्हणजे भारताची प्रवेशिका म्हणून गेला. नामांकन मिळालेल्या पाचांत तो नव्हता. प्रवेशिका वेगळी, नामांकन वेगळं. पेपरवाले दरवर्षी घोळ घालतात, आणि आपण दरवर्षी पेढे वाटतो.

आता शेवटच्या फेरीची मतमोजणी. बाकी विभागांत ज्याला जास्त मतं, तो जिंकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र २०१० च्या सोहळ्यापासून पसंतीक्रम आहे. आपण पदवीधर मतदारसंघात नावापुढे १, २, ३ लिहितो ना, तसंच. हे मला कळलं ते आमच्या सोसायटीतल्या दिवाळीच्या किल्ल्यांमुळे.

सहकारनगरात आमच्या ४१ बिऱ्हाडांची सोसायटी. त्या वर्षी किल्ले तीन. ‘ए’ विंगचा बाजारातून आणलेला, प्लास्टरचा, वर दिव्यांची माळ. ‘बी’चा मातीचा, बुरूज कललेला, पण अळीव काय उगवलं होतं! ‘सी’वाल्यांनी टबात पाणी भरून सिंधुदुर्ग केला होता. विकत आणलेला किल्ला म्हणजे विकतची पुरणपोळी, असं माझं मत आहे. असो.

तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अट घातली, तिन्ही किल्ले पाहिल्याशिवाय मत नाही. प्रत्येक किल्ल्यापाशी एक पोरगं वही घेऊन सह्या घ्यायला उभं. (ऑस्करवाल्यांना ही अक्कल आत्ता, २०२६ च्या सोहळ्यापासून आली. विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिले तरच तिथे शेवटच्या फेरीत मत.)

घरटी एक चिठ्ठी, तिच्यावर किल्ल्यांपुढे १, २, ३. चिठ्ठ्या उघडल्या. पहिली पसंती, प्लास्टरला १७, मातीला १३, सिंधुदुर्गाला ११. ‘ए’ विंगनं फटाके लावले. काका म्हणाले, “थांबा रे! ४१ चे निम्म्याहून जास्त म्हणजे २१. ते कुणाकडे आहेत?”

कुणाकडेच नव्हते. मग शेवटचा, म्हणजे सिंधुदुर्ग बाद. त्याच्या ११ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती काकांनी एकेक करून वाचली. माती, माती, प्लास्टर, माती... नऊ मातीला, दोन प्लास्टरला. १७ आणि २ मिळून १९. १३ आणि ९ मिळून २२. कललेला बुरूज जिंकला!

ऑस्करलाही हेच, फक्त चित्रपट तीनाऐवजी दहा. सगळ्यांत कमी मतांचा बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला, निम्म्यापुढे कुणी जाईपर्यंत. लक्षात ठेवा, पहिली पसंती थोडी कमी चालते, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर पुष्कळांनी लिहिलेलं असावं लागतं. निम्म्यांना डोक्यावर घ्यावासा आणि निम्म्यांना बघवत नाही, असा चित्रपट इथे अडकतो.

‘ए’ विंगमधल्या एका मुलाचे बाबा अजूनही लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, “सतरा मतं आमची होती हां.”

होतीच. नमस्कार.