नऊवारीचे दोन थर

सकाळचे ५ वाजून २० मिनिटे झाली आहेत. पंचवटीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा दिवा लागला आहे, आणि शेजारच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेले पायमशीन अजून जुन्या चादरीखाली झाकलेले आहे. आधी गॅस पेटतो, मग मशीनवरची चादर निघते, हा या घराचा बावीस वर्षांचा क्रम आहे. ज्यांच्यासाठी आपण येथे आलो आहोत त्यांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती, की आपले नाव पडद्यावर येता कामा नये. गल्लीतले लहानथोर त्यांना काकू म्हणतात, म्हणून आपणही त्यांना काकूच म्हणू.

काका सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. त्यांची पहिली पाळी ७ वाजता सुरू होते, म्हणून सव्वासहाच्या आत डबा भरलेला असावा लागतो. आज डब्यात पोळ्या, शेंगदाण्याचा कूट घातलेली मेथीची भाजी आणि कांद्याची एक फोड आहे. त्यानंतर महाविद्यालयात जाणारी मुलगी उठते. अंघोळीला जाण्याआधी तिच्याकडे एक काम ठरलेले आहे: आजीच्या सुया ओवून ठेवणे. काकूंच्या सासूबाई, ज्यांना त्या आत्याबाई म्हणतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचा हात अजून स्थिर आहे, पण सुईचे नाक त्यांना दिसत नाही. नात दहा-बारा सुया ओवून कापसाच्या उशीत टोचून ठेवते आणि प्रत्येक सुईत हातभरच दोरा घेते, कारण त्याहून लांब दोऱ्याला पीळ बसतो, गाठी पडतात आणि वाचवलेला वेळ त्या सोडवण्यात जातो. दुपारपर्यंत आत्याबाईंच्या सुया संपल्या, तर नात परत येईपर्यंत त्या शेंगा फोडत बसतात.

काकूंच्या मिळकतीचा मोठा भाग ज्या कामातून येतो, ते पाहायला फारसे देखणे नाही. ते आहे साड्यांना फॉल लावणे, साडीच्या कडा दुमडून बिडिंग करणे आणि अस्तराचे ब्लाउज शिवणे. लग्नसराईत घरातल्या पलंगावर साड्यांचे गठ्ठे चढतात आणि ब्लाउजच्या टू बाय टू कापडाची रंगसंगती जुळवण्यासाठी काकूंच्या शालिमारच्या बाजाराकडे फेऱ्या होतात. फॉल ही सुमारे अडीच मीटर लांबीची साधी सुती पट्टी असते. तिने साडीच्या काठाला वजन येते आणि जमिनीला घासून काठ झिजत नाही. या साध्या पट्टीनेच काकूंना सुरुवातीच्या वर्षांत एक धडा दिला होता. घाईत त्यांनी एका इरकल साडीला न भिजवलेला फॉल लावला. पहिल्याच धुण्यात फॉल आटला, साडी आटली नाही, आणि सगळा काठ चुण्या पडून वर ओढला गेला. ती शिवण त्यांनी उसवली, नवा फॉल स्वतःच्या पैशाने आणून लावून दिला, आणि त्या दिवसापासून न्हाणीघरातल्या बादलीत कोणता ना कोणता फॉल भिजत पडलेलाच असतो.

येवल्याची पैठणी आली की मात्र मशीन बंद राहते. हातमागावरच्या पैठणीचा पदर सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. मागे लोंबणारे धागे नसतात, त्यामुळे चुकलेला टाका लपवायला जागाही नसते. काकू सर्वांत बारीक सुई घेतात, साडीचे एक-दोनच धागे उचलतात आणि पुढे सरकतात. अशा दिवशी त्या फोडणीचे काही करत नाहीत. सकाळीच खिचडी लावून ठेवतात, हात दोनदा धुतात, आणि दाराशी कोणी आले तर बसल्या जागेवरूनच सांगतात, “आत्ता उठणार नाही हं, पैठणी मांडीवर आहे!”

आता मशीनकडे जरा जवळून पाहू. वरचा दोरा घेऊन सुई कापडाच्या खाली जाते आणि परत वर येताना दोऱ्याचा एक छोटा फास खाली सोडते. शटलचे टोक तो फास पकडून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते आणि दोन दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. दोन्हींचा ताण सारखा असेल तर टीप वरून आणि खालून एकसारखी दिसते. दोन-तीन पदरी कापडाला ही रचना उत्तम चालते. गोधडीला मात्र ती चालत नाही, कारण मशीनचे दाते फक्त सर्वांत खालचा थर पुढे ढकलतात. वरचे पाच-सहा थर मागे रेंगाळतात आणि कडेला पोहोचेपर्यंत मध्ये फुगवटा तयार होतो. बाजारातल्या मशीनवर शिवलेल्या गोधड्यांमध्ये स्पंजसारखा हलका भर का असतो, हे यावरून लक्षात यावे. काकूंच्या घरातली गोधडी हातानेच शिवली जाते.

तिचा हिशोब असा आहे. नऊवारी साडी सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते. तिचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की दोन माणसांना पुरतील असे दोन पूर्ण थर निघतात. सहावारीचे तसे दोनच तुकडे निघतात. उरलेल्या दीड मीटरात बाळाचे दुपटे होते किंवा उशीचे अभ्रे. एक नऊवारी तळाला आणि माथ्याला, तिच्या मध्ये विटलेली परकराची कापडे, फाटलेल्या चादरी, काकांचे जुने सदरे. हे सारे जमिनीवर पसरून चारही बाजूंनी ताणले जाते, मोठ्या टाक्यांनी कच्चे केले जाते आणि मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. शिवण कडेकडेने फिरत चौकोनात चौकोन करत आत जाते, म्हणजे थर बाहेर सरकत नाहीत. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. काकूंचे माहेर निफाड तालुक्यातले आहे, आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव जवळजवळ दर हिवाळ्यात वाचायला मिळते, त्यामुळे गोधडीला शोभेची वस्तू म्हणणे त्यांना आजही चमत्कारिक वाटते.

शोभेसाठी गोधडी मागणारे लोक मात्र अलीकडे वाढले आहेत. मागच्या वर्षी पुण्याहून एका ओळखीच्या कुटुंबाने आजीच्या आठवणीसाठी गोधडी मागवली आणि साड्यांचे गाठोडे पाठवले. त्यात निम्म्या साड्या सिंथेटिक होत्या. सिंथेटिक कापड टाक्याखालून निसटते, घाम शोषत नाही, पण ते परत करायचे म्हणजे आजीच्याच साड्या नाकारायच्या. काकूंनी त्यातून मार्ग काढला: अंगाला लागणारी बाजू सुती ठेवली आणि सिंथेटिक साड्यांचे चौकोन वरच्या बाजूला, प्रत्येकाखाली सुती अस्तर देऊन जोडले. दोघी सासूसुनांचे दीड महिन्याचे दुपारचे काम त्यात गेले. मजुरी किती सांगावी, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी काकूंनी जो आकडा सांगितला तो ऐकून मुलगी चिडली. आम्हाला विचाराल, तर मुलीचेच बरोबर होते.

मध्ये एक पावसाळा पिशव्यांचाही होता. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, २३ जूनपासून दंड सुरू झाला, आणि त्या आठवड्यात आसपासच्या दुकानदारांनी कापडी पिशव्यांसाठी जिना चढायला सुरुवात केली. मालेगावच्या मागावरचे जाडसर कापड आणून काकूंनी त्या शिवल्या. चार महिन्यांनी मागणी ओसरली. उरलेल्या पिशव्यांत आता घरातली कडधान्ये राहतात.

चैत्राचे ऊन तापले की शिवणकाम दुपारऐवजी रात्री चालते, कारण दिवसा गच्ची कुरडयांसाठी लागते. गहू तीन दिवस भिजतो, रोज त्याचे पाणी बदलले जाते, मग तो वाटून, गाळून रात्रभर ठेवला जातो. पहाटे वरचे पाणी ओतून दिले की तळाशी पांढराशुभ्र चीक मिळतो. तो मोजून घेतात, तेवढेच पाणी मीठ आणि हिंग घालून उकळतात, आणि मग एकीने ओतायचे, दुसरीने ढवळायचे. हात थांबला तर गुठळी झालीच. पहिली वाटी कुणाच्या हाती जाते ते सांगायला नको: मुलगी आणि शेजारची दोन मुले गरम चीक तूप-साखर घालून गच्चीच्या पायऱ्यांवर बसून खातात. उरलेला चीक सोऱ्यातून आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यावर पडतो. पातेल्याला चिकटलेला चीक खरवडून, पातळ करून, त्याची खळ सुती साड्यांना दिली जाते. कुरडया निघाल्या की ते लुगडे धुऊन घडी घालून ट्रंकेत जाते. त्यावर अजून दोन-तीन उन्हाळे निघतील, असे काकू म्हणतात. आत्याबाई मात्र त्याला आत्ताच गोधडीच्या तळाचे कापड मानून बसल्या आहेत.

भाद्रपदाच्या शेवटी, घट बसण्याआधी, घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या जातात. पूर्वी हे काम गंगेवर होत असे; नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. आता ते गच्चीवरच्या नळाखाली होते. भिजलेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. धुण्याच्या या दिवशी काकांची साप्ताहिक सुट्टी आहे. ते एक टोक धरतात, काकू दुसरे धरतात, दोघे विरुद्ध दिशांना पीळ देतात आणि निळसर पाणी गच्चीच्या उतारावरून पन्हाळीकडे धावत जाते. आत्याबाई जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या आहेत.

“फार पिळू नका रे,” त्या म्हणतात, “दोरा तुटेल.”

काका पीळ अर्धा सोडतात. काकू सोडत नाहीत.