काकू, यातला मुलगा सुधारतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की दादर स्टेशनाजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मुलांसाठी काहीतरी संस्काराचं द्या हो." मागणारी आई असते, नाहीतर आजोबा. ज्याच्यासाठी पुस्तक घ्यायचं तो शेजारीच उभा असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. मुलांच्या अलीकडच्या मराठी पुस्तकांबद्दल मला जे म्हणायचंय, त्याचं मूळ या काउंटरवरच आहे. पैसे एक जण देतो, वाचतो दुसराच, आणि बरीच पुस्तकं लिहिली जातात ती पैसे देणाऱ्याकडे बघून.

आधी चांगलं सांगते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचं सध्या बरं चाललंय. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. शब्द त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे जे चित्रात दिसतंय ते मजकुरात पुन्हा सांगत बसायची गरज त्यांना पडत नाही. त्यांचं 'चित्रवाचन' घेऊन लहान मुलाजवळ बसलात, तर पान लवकर उलटत नाही. मूल बोट ठेवून विचारत राहतं, हा काय करतोय, ती कुठे चाललीय, आणि उत्तरं आपल्याला जमवावी लागतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 साली सुरू झालं, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर आहेत. मुंबईतल्या कितीतरी घरांत कपाट ठेवायलाच जागा नसते, तिथे पुस्तकांचं काय घेऊन बसलात! त्यांची निदान मोबाइलवर तरी सोय झाली.

आता घोडं कुठे अडतं ते बघू. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार देते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी वाचकाचं वय धरलंय नऊ ते सोळा. अहो, नऊ वर्षांच्या मुलीला अजून आजीच्या कुशीत झोपायचं असतं आणि सोळाची मुलगी खोलीचं दार लावून घेते. एकच पुस्तक दोघींना कसं पुरणार? मग लिहिणारे बहुधा नऊच्या बाजूला झुकतात. तिथे निदान आई-आजोबा पाकीट काढून उभे असतात. तेरा-चौदाच्या मुलांसाठी असा गिऱ्हाईकच नाही. घरचे म्हणतात, आता क्लासच्या वह्या-पुस्तकांचा खर्च काय कमी आहे? आणि त्याच्या स्वतःच्या खिशात असतात वडापावपुरते पैसे.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही काही जणी शनिवारी संध्याकाळी मुलांना पुस्तकं देतो. तिथे आठवीतला एक मुलगा येतो. पुस्तक हातात घेतलं की तो आधी शेवटचं पान उघडतो. मला वाटलं, रहस्य फोडायची घाई असेल. एकदा त्यानेच विचारलं, "काकू, यातला मुलगा शेवटी सुधारतो का?" मी म्हटलं, "हो, सुधारतो." त्याने पुस्तक मुकाट्याने जागेवर ठेवलं आणि बाजूचं विम्पी किड उचललं.

आता या विम्पी किडवर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी, त्यात अमेरिकन, त्यात अर्धी चित्रं. पण जेफ किनी यांचं पहिलं पुस्तक 2007 साली आलं आणि तेव्हापासून त्यातला ग्रेग सुधारलेला नाही, हे जरा लक्षात घ्या. आळशी, आपमतलबी, थोडा भित्रा, जसा आहे तसाच. आमच्या आठवीतल्या मुलाला त्याच्याजवळ बसावंसं वाटतं, कारण तिथे कुणी त्याची प्रगतिपुस्तक तपासल्यासारखी झडती घेत नाही. आपल्याकडेही भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे ऊर्फ फाफे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला आणि भलत्या भानगडींत नाक खुपसत राहिला. त्याला कुणी सुधारायला घेतलं नाही, म्हणून तर तो टिकला. पण दर वाढदिवसाला अजून फाफेच द्यावा लागतो, ही काही नंतर लिहिणाऱ्यांना शाबासकी नव्हे.

अपवाद आहेत, आणि एक फार मोलाचा आहे. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला 2017 चा अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणापायी गाव उठतं, आणि ते आपण मुलाच्या नजरेतून बघतो. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर लेखकाचा संयम. विस्थापनावर भाषण ठोकायची केवढी आयती संधी होती! ती त्यांनी सोडून दिली. मोठ्या माणसानेही डोळे पुसावेत असं पुस्तक आहे, आणि तरी ते मुलाचंच राहतं.

ते वाचताना मला सारखी वरळी आठवत होती. तिथल्या जुन्या बीडीडी चाळी पाडून टॉवर होतायत, आणि चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलेली मुलं आता 500 चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राहायला लागली. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आईला स्वतःचं संडास-बाथरूम मिळालं, तिच्या आनंदाला पारावार नसणार, आणि तो खराच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं काय? गॅलरीत उभं राहून हाक मारली की चार दारांतून पोरं बाहेर यायची. आता मित्राकडे जायचं तर लिफ्ट, आणि वर बेल वाजवायची. गणपतीची तालीम कुठे करायची? नव्या घरात स्वतःची खोली मिळाली, पण धाकट्या बहिणीच्या बडबडीशिवाय झोप येत नाही, हे कुणाला सांगायचं? केवढी कादंबरी पडून आहे तिथे! ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत आहे, नायगावच्या चाळींत आहे, नवं घर मिळेपर्यंत माणसं जिथे राहतात त्या उपनगरातल्या प्रत्येक संक्रमण शिबिरात आहे. माझ्या वाचनात तरी ती अजून आलेली नाही. आमच्या पुस्तकांतली मुलं अजून सुट्टीत मामाच्या गावाला जातात आणि झाडावर चढतात. जाऊ देत बापडी. पण मुंबईच्या कितीतरी मुलांचा मामा आता विरारला राहतो.

येत्या सुट्टीत एक करून बघा. दुकानात गेलात की तेराच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पैसे द्या आणि स्वतः बाहेर चहा प्यायला जा. आत शिरू नका, खुणा करू नका. इंग्रजी पुस्तक घेऊन आलं तरी कपाळाला आठ्या नकोत. फक्त निघताना काउंटरवर विचारा, याच वयाला, याच चवीचं मराठीत काय आहे? नसेल तर दुकानदाराला तसं बोलायला लावा. रोज दहा जणांनी हाच प्रश्न विचारला, तर प्रकाशकाचा माणूस पुढच्या खेपेला पुस्तकं घेऊन येईल तेव्हा दुकानदार त्याला ऐकवल्याशिवाय राहणार नाही.

नमस्कार.